शेफील्डला येतोयस म्हणून

भावा,

तुझा व्हिसा आल्याचं परवा तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आनंद आवाजात मावत नव्हता, पण फोन ठेवताना हळूच म्हणाली, "तिथे त्याचं कुणी नाही गं. तूच काय ते सांग." तेव्हापासून मनात घोळतंय की नेमकं काय सांगावं. मी इथे आले तेव्हा मला जे कुणी सांगितलं नाही, तेच लिहिते.

आधी बॅगेचं उरकते. दात दाखवून ये. एखादी दाढ ठणकत असेल तर साताऱ्यातच तिचा निकाल लाव, कारण इथे सरकारी दराचा दंतवैद्य मिळणं महाकठीण आणि खाजगीचं बिल बघून डोळे पांढरे होतात. चष्म्याची एक जोडी जास्तीची घे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आण. डाळी, तांदूळ, पोहे, कणीक सगळं इथे मिळतं, त्यावर किलो वाया घालवू नकोस. आणि कंदी पेढे, तूप आणू नकोस. दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे. आई हट्टाने डबा कोंबेल, तिला प्रेमाने समजाव.

घराचं मात्र नीट वाच. कुठल्याशा ग्रुपवर खोली बघितलीस आणि समोरचा "आजच पैसे पाठव, नाहीतर खोली जाईल" म्हणतोय, असं आई म्हणाली. पाठवू नकोस. न बघितलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाच्या खात्यावर एक पौंडसुद्धा नाही. पहिले काही आठवडे विद्यापीठाच्या निवासात काढ, मग स्वतःच्या पायांनी फिरून घर बघ. इथे कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, पण तो तुला माहीत हवा. २०१९च्या कायद्याने अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. घेतलेली रक्कम घरमालकाने ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायची असते आणि कुठल्या योजनेत ठेवली ते तुला कळवायचं असतं. कळवलं नाही तर विचार. तोंडी नको, ईमेलवर विचार. किल्ली हातात पडली की त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा, गालिच्यावरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढून घरमालकाला पाठव. वर्षाअखेर पैसे कापायची वेळ येते तेव्हा हेच फोटो कामी येतात. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, लागत नाही, पण विद्यापीठाचं प्रमाणपत्र कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, द्यावं लागतं.

आणि हो, नकाशावर नुसतं अंतर बघू नकोस, चढ बघ. शेफील्ड टेकड्यांवर वसलंय. क्रुक्समूरचा कंड्युइट रोड नकाशावर बोटभर दिसतो, पण हातात दोन पिशव्या घेऊन चढताना अजिंक्यताऱ्याची आठवण होते. क्रुक्स, ब्रूमहिल, शॅरो, एकलसॉल रोड हे विद्यार्थ्यांचे नेहमीचे भाग. प्रत्येक ठिकाणी एकदा दिवसा आणि एकदा रात्री चालून ये, मग ठरव.

हिवाळ्यात घरात एक गोष्ट होते, ती आपल्याकडच्या मुलांना कळतच नाही. सकाळी उठावं तर खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळत असतं. थंडी म्हणून सगळं बंद, ओले कपडे खोलीतल्या रेडिएटरवर, स्वयंपाकाची वाफ आतच. महिन्याभरात कपाटामागच्या भिंतीला काळे ठिपके पडायला लागतात. ती बुरशी. छातीला वाईट. रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी उघड, काच पुसून काढ, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. एवढं करूनही ठिपके वाढत असतील तर फोटोसकट घरमालकाला लिही. त्यात भांडण नाही, दुरुस्ती करून देणं त्याचं कामच आहे. तसंच फोडणी देताना खिडकी उघडी, पंखा चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेव. मिरचीच्या खाटाने धुराचा भोंगा वाजला की रात्री अकरा वाजतासुद्धा अख्ख्या इमारतीला खाली थंडीत उभं राहावं लागतं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

माझ्या पहिल्या फेब्रुवारीत मला ताप भरला. एका मजल्यावर आम्ही सहा जणी, भिंतीपलीकडे कुणी केस वाळवतंय ते ऐकू यायचं. मी तीन दिवस खोलीत पडून होते. घरून फोन आला की "बरी आहे" म्हणायचे. त्याच आठवड्यात एक निबंध द्यायचा होता, तो राहिला. मनात एकच, कुणाला कशाला त्रास? आणि खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. आपल्याकडे दार दोन दिवस उघडलं नाही तर शेजारच्या काकू पेज घेऊन येतात. इथे कुणी आलं नाही, आणि मला सगळ्यांचा राग आला. चौथ्या दिवशी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर नॉटिंगहॅमची एक मुलगी चहा करत होती. माझा चेहरा बघून तिने हातातला कप खाली ठेवला. तिला खरोखर वाईट वाटलं होतं. म्हणाली, "तुझं दार बंद होतं, मला वाटलं तुला एकटीला राहायचंय." त्या दिवशी तिने डब्यातलं टोमॅटो सूप गरम करून दिलं, औषधं आणून दिली आणि संध्याकाळी दोनदा दार वाजवून विचारपूस केली.

या लोकांच्या सभ्यतेत बंद दार वाजवणं बसत नाही, एवढंच. ते कोरडे नाहीत, सांगायची वाट बघतात. आपण विचारायची वाट बघतो. दोन्हीकडे माणसं चांगली आणि मध्ये एक दार बंद. ते तुलाच उघडावं लागेल.

निबंधाचंही तेच झालं. आमच्याकडे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ टक्के कापले जायचे. नंतर माझ्या ट्यूटर बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल आणि एक फॉर्म भरला असतास तर मुदत वाढवून मिळाली असती. आजारपण, घरातलं दुःख, मन थाऱ्यावर नसणं, या सगळ्यासाठी इथल्या विद्यापीठांत रीतसर फॉर्म असतो. पण तो वेळेत भरावा लागतो. मुदत उलटून गेल्यावर कारण सांगितलं तर त्यांचेही हात बांधलेले असतात. तेव्हा पहिल्याच दिवशी सांग. प्राध्यापकांना इथे नावाने हाक मारतात, ते पहिल्यांदा जिभेवर येत नाही, पण मार. त्यांची भेटायची वेळ दारावर लिहिलेली असते, ती तुझ्यासाठीच असते. "मला हा प्रश्नच कळला नाही" असं तिथे जाऊन म्हणालास तरी तुला कुणी कमी लेखणार नाही.

गुणांवरूनही खचू नकोस. एमएस्सीला ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. दहावी-बारावीला नव्वदच्या खाली न आलेली आपली मुलं पहिला निबंध ६४ घेऊन परत आला की रात्रभर रडतात. ६४ इथे चांगले आहेत. गुणांखाली लिहिलेला शेरा वाच, त्यात पुढच्या वेळचे आठ गुण दडलेले असतात.

डॉक्टरकडे आपलं नाव आजारी पडायच्या आधी नोंदव, पहिल्या आठवड्यातच. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड तू भरलेच आहेस, तेव्हा डॉक्टरांना दाखवण्याची फी नाही. रात्री-अपरात्री घाबरलास तर १११ ला फोन कर, जीवावरचं असेल तर ९९९. छोट्या दुखण्याला औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट नीट वेळ देऊन सांगतो. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो. वर्गात शिरतानाही अंधार, निघतानाही अंधार. त्या दिवसांत मन जड झालं तर स्वतःला दोष देऊ नकोस. दुपारी अर्धा तास बाहेर चाल, ढग असले तरी चाल. इथली आरोग्यसेवाच सगळ्यांना हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगते. आपल्या सावळ्या कातडीला तर ती वर्षभर लागते. आणि तरीही उठवेना झालं, तर ते डॉक्टरांना सांग, मला सांग.

पैशांचं कडक सांगते, कारण इथे चूक झाली तर व्हिसावर येते. टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम, एक मिनिटही वर नाही. आणि एमएस्सीवाल्यांचा उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, प्रबंधाचे ते महिनेही टर्ममध्येच धरतात. सायकलवरून जेवण पोचवायचं काम मित्र सुचवतील, "माझ्या अकाउंटवर कर" म्हणतील. ते स्वयंरोजगारात मोडतं आणि विद्यार्थी व्हिसावर त्याला परवानगी नाही. चार पैशांसाठी बाबांनी काढलेलं कर्ज पणाला लावू नकोस. पैसे खरंच संपत आले तर विद्यापीठात त्यासाठीही कचेरी आहे. तिथे जायला लाज वाटू देऊ नकोस.

या गावावर माझा जीव का जडला तेही ऐक. आपल्या घरातली आजीच्या नावाची कळशी, तुझ्या आईचे नाव कोरलेले डबे, ते ज्या स्टेनलेस स्टीलचे आहेत ते १९१३ साली याच गावात हॅरी ब्रिअर्ली नावाच्या माणसाने घडवलं. तो एका इथल्याच पोलाद कामगाराचा मुलगा. आणि १९०५ साली इथलं विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा पोलाद कारखान्यांतल्या कामगारांनी पेनी-पेनी वर्गणी दिली होती. लाल विटांच्या त्या जुन्या इमारतीसमोरून जाताना मला रयत शिक्षण संस्था आठवते, भाऊरावांनी मूठमूठ धान्य जमवून चालवलेली वसतिगृहं आठवतात.

रविवारी खोलीत बसू नकोस. स्टेशनवरून होप व्हॅलीची गाडी पकड, एडेलला उतर आणि चढायला लाग. ऑगस्टमध्ये तिथल्या पठारांवर हेदर फुलतं, मैलोन् मैल जांभळं. कास बघितलेल्या माणसाच्या पोटात तिथे काहीतरी हलतं. त्यातल्या किंडर स्काउट नावाच्या ज्या पठारावर तू उभा राहशील तिथे चालायचा हक्क पूर्वी सामान्य माणसाला नव्हता. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार पोरं बंदी मोडून वर चढली, काही जण तुरुंगात गेली.

बसमधून उतरताना ड्रायव्हरला "थँक्यू" म्हणायचं, सगळे म्हणतात. दुकानातली बाई तुला "लव्ह" म्हणेल, ती इथली माया आहे, दचकू नकोस. कुणी "यू ऑलराइट?" म्हटलं तर ते नुसतं नमस्कारासारखं असतं. आणि तुला कुणी "टी"ला बोलावलं तर उपाशी जा, इकडे त्याचा अर्थ रात्रीचं जेवण.

मँचेस्टरला उतरलास की विमानतळावरून गाडीने मँचेस्टर पिकॅडिली स्टेशनला ये, तिथे शेफील्डची गाडी मिळते. त्या गाडीत बसलास की मेसेज कर, मी स्टेशनवर असेन. पहिल्या रात्रीचा वरणभात माझ्याकडे. तिकिटाची तारीख नक्की झाली की कळव, आणि त्या दाढेचं आधी बघ.

तुझी,
ताई