छोटा ट्रॅक्टर घरी स्टँडवर घ्यायचा आहे, मेकॅनिक म्हणतो विटा चालतात. खरं काय?

तुमचा प्रश्न: द्राक्षबागेतला 24 एचपीचा ट्रॅक्टर, मागच्या चाकाचं ऑइल सील गळतंय, स्टँड (चाक काढल्यावर एक्सलखाली ठेवायचे लोखंडी आधार) किती टनांचे घ्यावेत? मेकॅनिक म्हणतो, "आम्ही कायम विटांवरच ठेवतो."

विटा चालत नाहीत. मेकॅनिकच्या या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. वीट, जांभा, पोकळ सिमेंट ब्लॉक यांच्यावर एका टोकाला भार आला की ते एकदम फुटतात, आधी कुरकुर करत नाहीत. बाभळीचा ओंडका निदान दबतो, करकरतो, माणसाला हात काढून घ्यायला वेळ देतो. रात्रभर टिकलं म्हणजे भक्कम आहे, असं होत नाही. जाम नट सोडवायला पान्यावर पाय दिलात की खरा झटका तेव्हा बसतो.

पण विटांपेक्षाही जास्त घात होतो तो जॅकच्या जागेमुळे. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणजे पुढची दोन चाकं जमिनीवर असली तरी ट्रॅक्टरचं धूड पुढे एकाच पिनवर टेकलेलं असतं. मागे मधोमध, हुकाखाली जॅक लावून दोन्ही चाकं उचललीत की टेकू उरले दोन, तेही एका रेषेत. ट्रॅक्टर बाजूला कलंडायला काहीच आडवं येत नाही. म्हणून उचलण्याआधी पुढचा एक्सल आणि त्याच्या वरचा ब्रॅकेट यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून एक्सल जाम करा. आणि जॅक मधोमध नको, चाकाजवळ एक्सलच्या नळीखाली लावा. आधी एक बाजू, मग दुसरी. इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली तर कधीच नको.

दुसरी फसगत गिअरची. "गिअरमध्ये टाकलाय, हलणार नाही" असं म्हणतात. एक मागचं चाक वर गेलं की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. मागची दोन्ही वर असतील तर ब्रेकही निरुपयोगी, कारण टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना जोर असलेल्या) ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसतातच. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून गुटके लावा, चार म्हणजे चार.

रोटाव्हेटर आधीच सोडून ठेवा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. फरशी नसेल तर प्रत्येक स्टँडखाली दीड फूट चौकोनी, दोन इंच जाड फळी हवी. नुसत्या मातीत स्टँडचे पाय रुततात. नळीवरचं ग्रीस पुसा, ती स्टँडच्या खाचेत नीट बसवा, पिन पूर्ण आत घाला, मग जॅक सावकाश सोडून सगळा भार स्टँडवर येऊ द्या. बाटली जॅकचं (बाटलीच्या आकाराच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचं) सील गळलं की तो हळूहळू खाली बसतो, त्यामुळे एकट्या जॅकवर काम नको. खाली हात घालण्याआधी मडगार्डला धरून जोरात हलवून बघा. काढलेलं चाक ट्रॅक्टरखाली आडवं सरकवून ठेवा. टायरात पाणी भरलेलं असेल तर ते चाक एकट्याने उचलायला जाऊ नका.

टन विचारलेत: 3 टनांची जोडी भरपूर होते. टनांपेक्षा रुंद पाया आणि पुरेशी उंची बघा.

एक राहिलंच. काही मॉडेलांत सील बदलायला एक्सलची नळीच उतरवावी लागते. तुमचं तसं असेल तर नळीखालचा स्टँड निरुपयोगी. तेव्हा आधार मधल्या गिअर हाउसिंगखाली द्यावा लागतो: चार इंची लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून, वर जाड फळी टाकून. दुसरी बाजू स्टँडवरच राहू द्या, आणि पुढच्या पाचरी तर काढूच नका. हे नेमकं कुठे टेकवायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण ठोकळे आणि स्टँड तुमचे असू द्या. तरीही तो विटाच मागत असेल तर दुसरा मेकॅनिक बघा.

ट्रॅक्टर खाली आल्यावर नट जमिनीवर आवळा, आणि दोनेक तास काम केल्यावर पुन्हा एकदा.