स्पॅनिश येत नसताना लोस क्रुडोस ऐकण्यात अर्थ आहे का? सुरुवात कुठून करावी?

अर्थ आहे. लोस क्रुडोस म्हणजे शिकागोचा, स्पॅनिशमध्ये गाणारा पंक बँड; पंक म्हणजे वेगवान, खरखरीत, बंडखोर रॉक. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय ना, "नुसता आरडाओरडा वाटतो, शब्द कळत नाहीत", तिथे मी अडकलो. हेच वाक्य माझ्या मावसभावाने 2011 साली माझ्या खोलीत उभं राहून म्हटलं होतं, आणि मी हसलो होतो.

तेव्हा मी शिकागोत एमएस करत होतो. युनिव्हर्सिटी जवळ आणि भाडं परवडणारं, म्हणून पिल्सेनमध्ये, अठराव्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका मेक्सिकन मावशींकडे वरचा मजला घेतलेला. वस्तीला हे नाव चेक लोकांनी दिलं, आपल्या प्लझेन गावावरून. ते गेले, मेक्सिकन आले. वस्ती कामगारांचीच राहिली. हा मावसभाऊ, म्हणजे दादा, नेपरव्हिल या शिकागोच्या उपनगरात. "त्या लोकांत कशाला राहतोस?" हे दर फोनला ठरलेलं.

जानेवारीत रेडिएटर बंद पडला. घरमालकीण मावशींचा पस्तिशीचा मुलगा पाना घेऊन वर आला आणि काम करता करता त्याने फोनवर लोस क्रुडोस लावलं. बँड त्यांच्याच वस्तीतला, 1991 ते 1998. गायक मार्तीन सोरोंदेगी जन्माने उरुग्वेतल्या मोन्तेविदेओचा, वाढलेला इथे. मावशींच्या या मुलाने शाळेत असताना त्यांना लोकांच्या घरांच्या तळघरांत ऐकलेलं. गाणं जेमतेम मिनिटभराचं, पण दोन गाण्यांच्या मध्ये मार्तीन बोलायचा, पुढचं गाणं कशावर आहे ते सांगायचा. त्या वेगात शब्द स्पॅनिश येणाऱ्यालाही धड कळत नाहीत हो! त्यामुळे तुमची अडचण भाषेची नाहीच.

तेवढ्यात दादा आला. वहिनीने जुना कुकर पाठवला होता. दारातच थांबून मराठीत म्हणाला, "हे गाणं आहे की नळावरचं भांडण? नुसता आरडाओरडा, एक शब्द कळेल तर शपथ. इतकी वर्षं झाली यांना इथे, इंग्रजी शिकायला काय होतं?"

मी हसलो. मोठा भाऊ, त्यात कुकर घेऊन आलेला.

त्या मुलाने पान्यावरची नजर न हलवता विचारलं, "काय म्हणाला?"

"आवडलं म्हणाला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि फोनचा आवाज बारीक केला. रेडिएटरमधलं काळं पाणी डब्यात काढलं, डबा उचलला आणि खाली गेला. नंतर मी तिथे दीड वर्ष होतो. माझ्यासमोर त्याने पुन्हा काही लावलं नाही.

हाच दादा दर रविवारी पोरांना गाडीत कोंबून मराठी शाळेत नेतो, आपली भाषा टिकली पाहिजे म्हणून. मी त्याला हे गणपतीत म्हटलंय, पुतण्याच्या मुंजीतही म्हटलंय. "ते वेगळं," म्हणतो. कसं वेगळं, ते आजवर सांगितलेलं नाही.

असो. सुरुवात 1996 च्या रेकॉर्डपासून करा, 'कान्सियोनेस पारा लिबेरार नुएस्त्रास फ्रोन्तेरास', म्हणजे आपल्या सीमा मोकळ्या करण्यासाठीची गाणी. 1994 साली कॅलिफोर्नियात कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा आणि दवाखाने बंद करायचा प्रस्ताव मतदानात मंजूर झाला होता (पुढे कोर्टाने अडवला), ते दिवस डोक्यात ठेवून ऐका. मग 'आसेसिनोस', मारेकरी. लॅटिन अमेरिकेत लष्करी राजवटींनी गायब केलेल्या माणसांबद्दल. शब्द समोर घेऊन बसा. इंग्रजीत त्यांनी एक गाणं केलं, आणि त्याच्या नावात काय आहे? पंकवाल्या गोऱ्यांनीच त्यांना घातलेली शिवी. इंग्रजी येत होतं, दादा.

अमेरिकेतल्या लॅटिनो पंकवर मार्तीनने 1999 मध्ये माहितीपटही केला, तो जमल्यास आधी बघा. खरं तर हे वरच लिहायला हवं होतं.

आणि हो, रेकॉर्डिंग खरखरीत आहे. मी स्वतः महिन्यातून एकदा-दोनदाच ऐकतो, सलग वीस मिनिटांच्या वर नाही. डोकं दुखलं तर बंद करा, त्यात कमीपणा नाही. फक्त "यांनी इंग्रजीत का नाही गायलं" हा प्रश्न मला विचारू नका, तो नेपरव्हिलला पाठवा.