ग्रँडमास्टरचा डाव बघताना आधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न असा: बुद्धिबळातलं रेटिंग १४०० च्या आसपास आहे, ग्रँडमास्टरचा क्लासिकल (म्हणजे लांब वेळेचा) डाव इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्राम, लावून बघितला की सगळं कळल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही, मग अभ्यास करायचा कसा?

आठवणार नाहीच. विचार इंजिननं केला, तुम्ही नुसते बाण बघितले.

मी काही मोठा खेळाडू नाही. नागपूरकर आहे. आमच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, त्या आठवड्यात भाच्यानं माझा जुना पट माळ्यावरून खाली काढायला लावला. तेव्हापासून दर रविवारी आम्ही एक डाव घेऊन बसतो. काळ्याचा एक उंट हरवलाय, त्याच्या जागी सुपारी ठेवतो.

आमची पद्धत साधी आहे. चालींबरोबर प्रत्येकाच्या घड्याळात उरलेला वेळ दिसेल असाच डाव घ्यायचा. मोठ्या स्पर्धांचे डाव लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर तसे मिळतात. आधी फक्त वेळेचा रकाना वरून खाली वाचायचा. पहिल्या बारा-पंधरा चाली भराभर झाल्या असतील तर ती घरची तयारी, तिथे डोकं फोडू नका. जिथे एकदम वीस-पंचवीस मिनिटं गेलेली दिसतात तिथे बोट ठेवा. ग्रँडमास्टरला तिथे काहीतरी अडलंय. पुढची चाल वहीनं झाका, पंधरा मिनिटं लावा आणि दोन-तीन चाली उत्तरांसकट लिहून काढा. पेननं. पेन्सिलनं लिहिलं की माणूस नंतर खोडतो, हा स्वानुभव आहे.

उलटंही असतं, विचाराला वेळच उरलेला नसतो. २०२४ च्या सिंगापूरच्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत (डिंग लिरेन विरुद्ध डी. गुकेश) पहिल्या ४० चालींना दोन तास होते आणि चालीमागे जादा ३० सेकंद ४१व्या चालीपासूनच मिळायचे. अशा डावात ३५ ते ४० च्या दरम्यान चूक दिसली, तर तिच्यावरून खेळाडूच्या समजेबद्दल फार निष्कर्ष काढू नका. तिथे हात घड्याळाकडे पळत असतो.

त्याच लढतीचा १४वा डाव घ्या. डिंगकडे पांढरी मोहरी, गुकेशकडे काळी आणि एक प्यादं जास्त. दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट. बरोबरीकडे चाललेला डाव. ५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ या घरावर आणला. मी भाच्याला एवढंच विचारलं, यात काही चुकलं का? तो म्हणाला, ‘नाही मामा, हत्तीला हत्ती मारले की झालंच ना, बरोबरीच तं आहे!’

मग मी हत्ती उचलले, पांढरा राजा एफ२ वर ठेवला आणि सुपारी, म्हणजे काळा उंट, डी५ वर सरकवली. पांढरा उंट ए८ च्या कोपऱ्यात. त्याला जायला बी७ आणि सी६ ही दोनच घरं, तीही सुपारीच्याच माऱ्यातली. म्हणजे उंट मारा नाहीतर गमवा. त्यानं सुपारी मारली की काळा राजा त्याला मारतो आणि पटावर फक्त राजे नि प्यादी उरतात, त्यात काळ्याची दोन, पांढऱ्याचं एक. पांढरा राजा ई३ वर आला, काळा ई५ वर जाऊन समोरासमोर उभा राहिला आणि डिंगनं डाव सोडला. भाचा बराच वेळ त्या कोपऱ्याकडेच बघत होता. ही चूक क्षणभर गुकेशलाही दिसली नव्हती, असं त्यानं नंतर सांगितलं होतं. कोण किती पुढे हे सांगणारा इंजिनचा आकडा मात्र लगेच खाली कोसळतो; तो बघून ‘घोडचूक’ म्हणायला दोन सेकंद लागतात, कोपऱ्यातला उंट दिसायला पट लागतो.

इंजिन सगळ्यात शेवटी, तेही वहीत जिथे तुम्ही लिहिलंय तेवढ्याच जागी. ते तुमची चाल नाकारेल तेव्हा तीच चाल पटावर पुढे खेळून बघा आणि समोरचा नेमकं काय करतो ते शोधा. हे कंटाळवाणं आहे, मान्य. डावाला आरामात तीन तास जातात.

सुरुवातीला चाळीसेक चालींचा, एका बाजूनं जिंकलेला डाव निवडा. भाच्यानं हट्टानं दिव्याचा त्याच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतला, चीनच्या तान झोंगयीविरुद्धचा १०१ चालींचा डाव घेतलाय. दोन रविवार झाले, आम्ही अजून ३४व्या चालीवर आहोत.