अपशॉच्या आधी गुरेत्स्कीची 'तिसरी सिंफनी' कोण गायचं? – स्तेफान्या वोइतोविच

अमेरिकन गायिका डॉन अपशॉची सीडी ऐकून तुम्ही विचारलंय, की पोलिश संगीतकार गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, हिच्यात गायिकाही आहे) आधी कोण गायचं. स्तेफान्या वोइतोविच (१९२२–२००५). ४ एप्रिल १९७७ला फ्रान्समध्ये र्वायांला ही सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा कंडक्टर एर्नेस्ट बूर होते आणि सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) वोइतोविच. अपशॉची १९९२ची सीडी दहा लाखांवर खपली, मग आधीचं कोण लक्षात ठेवतो!

बाईंचं नाव झालं ते ऑपेरात नव्हे, मैफलीच्या मंचावर. पोशाख नाही, नेपथ्य नाही. १९५४ला प्रागच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस, पुढे पोलिश संगीतकार शिमानोव्स्कीचं 'स्ताबात मातेर' हे धार्मिक गायन. ३० मार्च १९६६ला म्युन्स्टरच्या कॅथीड्रलमध्ये पोलिश संगीतकार पेंदेरेत्स्कीचं 'सेंट ल्यूक पॅशन' (येशूच्या यातनांची गायलेली कथा) पहिल्यांदा झालं, त्यातही त्याच. तिथे कसोटी सूर पकडण्याची. गायकवृंद शेजारशेजारचे सूर एकदम धरून ठेवतो आणि त्या गर्दीतून गायिकेला आपला सूर उचलायचा असतो. तो आधी मनात पक्का नसेल तर जवळच्या सुराकडे घसरतो. त्यातलं 'क्रुक्स फिदेलिस' जरूर ऐका.

गुरेत्स्कीकडे अडचण नेमकी उलटी. सूर सोपे, पण पहिल्या भागात डबल बास या सर्वांत खर्जातल्या तंतुवाद्यापासून एकेक तंतुवाद्य तीच चाल घेत वर चढतं आणि गायिका तेरा-एक मिनिटं नुसती बसून. त्यानंतर अगदी संथ, लांब ओळी. तोवर गळा थंडावलेला असतो. श्वास उथळ झाला की ओळ मध्येच तुटते, सावरायला जोर लावला की आवाजाचा कंप वाढतो आणि विलापाचं रडगाणं होतं. दुसऱ्या भागात तर हे मुळीच चालत नाही: पोलंडमधल्या झाकोपानेच्या गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) कोठडीत अठरा वर्षांच्या मुलीने भिंतीवर कोरलेली प्रार्थना आहे ती. आईला 'रडू नकोस' म्हणणारी.

वोइतोविचने ही सिंफनी एकापेक्षा जास्त वेळा ध्वनिमुद्रित केली. सुरुवात यर्झी कात्लेविच आणि कातोवित्सेच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबरच्या १९७८च्या ध्वनिमुद्रणापासून करा. अपशॉचा आवाज मऊ, उजळ. वोइतोविचचा जड, वरच्या सुरात थोडा करकरीतही. माझं मत विचाराल तर पहिल्या भागाला हाच शोभतो.

ऐकताना एक करा. सुरुवातीचे बास जेमतेम ऐकू येतात म्हणून आवाज वाढवू नका. गायिकेच्या प्रवेशाआधी सगळी तंतुवाद्यं शिगेला पोचतात तेव्हा धावत जाऊन कमी करावा लागेल.