निवडणुकीतली परकी ढवळाढवळ शोधण्याचं काम

प्रश्न : मी साताऱ्यात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातून खोटा प्रचार करून निवडणुकांवर प्रभाव टाकला जातो, त्याचा छडा लावणारं काम मला करायचं आहे. कोडिंग येत नाही. बाबा म्हणतात, अशी नोकरी नसते, बी.एड. कर.

उत्तर : नोकरी असते, पण बाबांची काळजीही रास्त आहे. आधी काम समजून घे.

21 मे 2016 ला अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव आमनेसामने आले. एक टेक्सासचं 'इस्लामीकरण' थांबवा म्हणणारा, दुसरा त्याला विरोध करणारा. दोघांनाही फेसबुक पेजवरून बोलावणं गेलं होतं आणि दोन्ही पेजेस रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच संस्थेतून, इंटरनेट रिसर्च एजन्सीतून, चालवली जात होती. जाहिरातींचा खर्च सुमारे 200 डॉलर. रस्त्यावर आलेली माणसं मात्र खरी होती, त्यांचा रागही खरा होता. हे जाहीर झालं ते नोव्हेंबर 2017 मध्ये, सिनेटच्या समितीपुढे.

फेब्रुवारी 2018 मध्ये याच प्रकरणात अमेरिकेत 13 रशियन व्यक्ती आणि 3 संस्थांवर आरोपपत्र आलं. चोरलेली अमेरिकी ओळख, तिच्यावर उघडलेली पेपालची (ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची) खाती, ठिकाण लपवायला वापरलेलं व्हीपीएन, सगळं त्यात आहे. ते मुळातून वाच. पैसा कुठून आला, खाती कोणत्या वेळी जागी असतात, भाषा कुठे अडखळते, असल्या बारीक गोष्टी महिनोन् महिने जुळवत बसायचं, हे ते काम. समाजाची दुखरी नस ओळखायला तुझं राज्यशास्त्र लागेल. पायथॉनसारखी कोडिंगची भाषा मागाहून शिकता येते. त्याआधी एक परकी भाषा घे. पुणे विद्यापीठात रशियन शिकवतात.

आता बाबांची बाजू. जानेवारी 2025 मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने अमेरिकेतला तथ्यपडताळणीचा कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका कंपनीच्या निर्णयावर असं पोट अवलंबून ठेवू नकोस. पत्रकारिता किंवा डेटा ॲनालिटिक्सची पदवी घे. हेच कौशल्य बँकांच्या फसवणूक तपासणीतही चालतं.

आणि घाईने कुठल्या देशाचं नाव घ्यायचं नाही, ही सवय आत्तापासून लाव. रोमानियात 24 नोव्हेंबर 2024 ची अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी घटनात्मक न्यायालयाने 6 डिसेंबरला रद्द केली. टिकटॉकवरच्या प्रचाराबद्दल गुप्तचर यंत्रणांची कागदपत्रं त्याआधी खुली झाली होती. तरी परकी हाताचा पुरावा पुरेसा होता का, यावर वाद पेटला. लाखोंची मतं रद्द होतात तिथे अहवालातलं एकेक वाक्य तोलूनच लिहावं लागतं.

या सुट्टीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक संशयास्पद फोटो उचल. तो पहिल्यांदा कधी, कुठे आला ते शोध, प्रत्येक पायरी तारखेसह लिही, स्क्रीनशॉट जपून ठेव. अशी दहा टिपणं झाली की बाबांना दाखव आणि मलाही पाठव.