चंद्रावरची भाकर आणि जानेवारीतली प्रार्थनासभा

प्रिय तरुण मित्रा,

सप्रेम सलाम.

१८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात कोल्हापुरातल्या सर्व मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, तरुणांनी अंतराळवीरांच्या प्रार्थना या विषयावर एका संध्याकाळी एकत्र यावे, ही तुझी कल्पना मला मनापासून पटली. मात्र शेवटी ठेवलेले सामायिक प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, तू कार्यक्रमातून काढावेस.

चंद्रावर प्रभुभोजन झाले, मग इथे सर्वांनी मिळून का नको, असे तू विचारतोस. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरलेल्या ईगल यानात अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी घेतलेली भाकर व द्राक्षारस हा त्यांच्या वेबस्टर प्रेस्बिटेरियन मंडळीने सोबत दिलेला होता आणि ते स्वतः त्या मंडळीचे ‘एल्डर’, म्हणजे कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, होते. चंद्राच्या अल्प गुरुत्वाकर्षणात द्राक्षारस प्याल्याच्या कडेने सावकाश वर चढत गेला, असे त्यांनी लिहिले आहे. शेजारी बसलेले आर्मस्ट्राँग त्यात सहभागी झाले नाहीत. रेडिओवरून मात्र ऑल्ड्रिन यांनी ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या रीतीने आभार मानण्याची विनंती केली. विधी आपल्या मंडळीचा ठेवला आणि आभारप्रार्थना सर्वांची केली. १९९४ मध्ये एंडेव्हर यानात तीन कॅथलिक अंतराळवीरांनी ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) स्वीकारले, तेही त्यांच्या चर्चच्या शिस्तीनेच.

तुझ्या सभेला खरा नमुना अपोलो ८ चा आहे. २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरताना बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील दहा वचने तिघांनी वाटून वाचली. आरंभ कॅथलिक अँडर्स यांनी केला, मध्ये लव्हेल यांनी वाचले आणि शेवट एपिस्कोपल मंडळीत वाचकाची सेवा करणारे बोरमन यांनी केला. ते वचन सर्वांचे असल्याने कोणालाही काही सोडावे लागले नाही. तूही वाचन असेच वाटून दे आणि मग मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना ठेव.

केरळातल्या थुंबाची गोष्ट अवश्य सांग. मच्छीमारांच्या वस्तीतले सेंट मेरी मॅग्डलीन चर्च बिशप पेरेरा व तिथल्या भाविकांनी शास्त्रज्ञ विक्रम साराभाईंच्या रॉकेटच्या कामासाठी दिले, त्या वास्तूत रॉकेटची कामे झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबाहून पहिले रॉकेट उडाले. आपल्या मुलांना ऑल्ड्रिन ठाऊक असतात आणि हे ठाऊक नसते, याचे मला नवल वाटते.

प्रभुभोजनाची घाई नको म्हणतो, त्याला कारण आहे. १९२९ मध्ये लखनौत सुरू झालेल्या ऐक्याच्या बोलण्यांतून सहा मंडळ्यांचे मिळून आपले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपूरला स्थापन व्हायला २९ नोव्हेंबर १९७० उजाडावे लागले, आणि त्या वेळचे वाद आपल्याकडच्या काही जुन्या माणसांना आजही तोंडपाठ आहेत. रोमन कॅथलिक व पेंटेकॉस्टल मंडळ्या तर त्या बोलण्यांत नव्हत्याच. प्रभुभोजनाला कोण बसू शकतो आणि ते कोणी द्यावे, यावर त्यांची मते आपल्याहून वेगळी आहेत; भरल्या सभेत त्यांच्या मुलांना संकोचाने मागे बसावे लागले, तर तू बोलावलेस कशासाठी?

पत्रिका छापण्यापूर्वी फादरांना आणि पेंटेकॉस्टल पाळकांना स्वतः जाऊन भेट, आणि वाचनाचा आरंभ कोणी करायचा हे त्यांनाच ठरवू दे.

तुझा,
काका