सीबॅमच्या नावाखाली बिलातून पैसे कापले, आता काय करायचं?

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका नट-बोल्टवाल्या उद्योजकांनी विचारलंय की जर्मनीतल्या बायरने यंदा, म्हणजे 2026 मध्ये पोचलेल्या मालाच्या बिलांतून टनामागे ठराविक युरो कापले आणि 'सीबॅम कॉस्ट' म्हणून डेबिट नोट पाठवली, हे चालतं का. असे मेल हल्ली बरेच येतायत. सीबॅम म्हणजे पोलाद, सिमेंट वगैरे माल बनवताना जो कार्बन निघतो त्यापोटी युरोपीय संघाने आयातीवर लावलेला आकार, जास्त खोलात जात नाही. बोल्ट कस्टम्सच्या 7318 या कोडमध्ये येतात आणि 7318 सीबॅमच्या यादीत आहे एवढं पुरे.

तुमच्या करारातलं एकच कलम बघा, चौदावं. त्यात लिहिलंय की कार्बनच्या कायद्यापायी बायरला प्रत्यक्ष आलेला खर्च सप्लायर देईल. आता तारखा बघा. युरोपच्या कायद्यात मालामागच्या कार्बनच्या हिशोबाने सर्टिफिकेट विकत घेऊन भरायची जबाबदारी तिथल्या आयातदाराची आहे, तुमची नाही, आणि 2026 च्या मालासाठीची सर्टिफिकेटं विकायला निघणार आहेत 1 फेब्रुवारी 2027 ला, हिशोब द्यायची मुदत 30 सप्टेंबर 2027. म्हणजे आज बायरच्या खिशातून सर्टिफिकेटपोटी एक युरोही गेलेला नाही, मग खर्च आला कुठून? डेबिट नोटला लेखी हरकत लगेच घ्या, फोनवर नको. गप्प बसलात तर उद्या ते म्हणणार की तुम्हाला मान्य होतं.

डेबिट नोटमध्ये 2025 ची बिलं घुसवलीयत का तेही तपासा. 31 डिसेंबर 2025 पर्यंत नुसतं रिपोर्टिंग होतं, पैसे नव्हते. पण यात तारीख न्हावाशेव्याहून कंटेनर निघाल्याची नाही, तिकडे कस्टम्समधून माल सुटल्याची धरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात निघून आफ्रिकेच्या केपला वळसा घालून जानेवारीत सुटलेला माल 2026 मध्येच जातो.

आता जरा स्पष्ट बोलतो. चौदाव्याच कलमात पुढे आहे की मालामागच्या कार्बनचा डेटा 30 दिवसांत दिला नाही तर डिफॉल्ट आकड्यांमुळे (खरे आकडे नसले की युरोपने ठरवून दिलेले धरतात ते) वाढलेला बोजाही तुमचाच. बायरने डेटासाठी तीन मेल टाकले आणि तुम्ही एकालाही उत्तर दिलं नाहीत, का तर 'आमचा माल थोडा, 50 टनांच्या आत'. अहो, ते 50 टन आयातदाराचे आहेत, त्याने वर्षभरात सगळ्या देशांतून मागवलेल्या लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत या सगळ्याचे मिळून! करार सही करताना वाचला नाही ते एक वेळ समजू शकतो, पण आलेला मेल वाचून सोडून देणं महागात पडणार आहे. डिफॉल्ट आकड्यावर 2026 ला 10 टक्के जादा धरतात, 2027 ला 20 आणि पुढे 30. आजची कपात आपण बहुतेक परतवू, पण 2027 ची खरी मागणी या उशिरावरच ठरेल.

म्हणून वायर रॉड जिथून घेता त्या मिलकडे आजच हीट नंबरनुसार (वितळवलेल्या पोलादाच्या प्रत्येक खेपेचा नंबर) एमिशनचे, म्हणजे कार्बन उत्सर्जनाचे, आकडे मागा. बोल्टमधला बहुतेक कार्बन तिथूनच येतो, ब्लास्ट फर्नेसचा, म्हणजे खनिजापासून कोळशावर केलेला रॉड आणि स्क्रॅप वितळवून केलेला रॉड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिल टाळाटाळ करेल, ट्रेडरमार्फत घेत असाल तर जास्तच, तरी लेखी मागणी रेकॉर्डवर असू दे. तुमच्याकडचं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला लागणारं गॅस-डिझेल मोजा. छपरावर सोलर टाकल्याचं तुम्ही लिहिलंत, चांगलंच आहे, पण पोलादासाठी सध्या फक्त डायरेक्ट एमिशन, म्हणजे कारखान्यात थेट निघणारं, धरतात, विजेचं नाही, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. आणि हे आकडे मान्यताप्राप्त व्हेरिफायरने तपासलेले लागतात, नुसतं सीएचं पत्र चालणार नाही.

केस करावी का, ते करारात वाद कुठे चालवायचा लिहिलंय त्यावर आहे, ते पान तुम्ही पाठवलेलंच नाही. हॅम्बुर्गला आर्बिट्रेशन असेल तर तिथला निवाडा आपल्याकडे बजावता येतो, जर्मन कोर्टाच्या डिक्रीचं तसं नाही, तिच्यावर इथे नव्याने दावा लावावा लागतो आणि आपल्या कोर्टात तारखांवर तारखा किती पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे आधी पत्रव्यवहाराने सुटतंय का बघू. बँकेला मात्र आत्ताच कळवा की बिलाचे पैसे कमी आलेत आणि वाद चालू आहे, नाहीतर ती रक्कम तुमच्या नावावर थकीत दिसत राहील. मुक्त व्यापार कराराच्या बातम्यांवर विसंबून थांबू नका, कस्टम ड्युटी वेगळी आणि सीबॅम वेगळं. पुढच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) सही करायच्या आधी चौदाव्या कलमात एवढं घालून घ्या की बायरने सर्टिफिकेट खरेदीचा पुरावा दाखवल्यावरच पैसे, आणि तेही तुमच्या मालापुरतेच.